आत्याबाईचा भाऊ

प्रिय ताई,

माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि दाद मागायला तुझ्याशिवाय दुसरं कोर्ट उरलेलं नाही. परवा तुझ्या मालिकेचा विशेष भाग पाहिला. पूर्ण दोन तास! तेही प्लास्टिकच्या खुर्चीवर. डाव्या पायाला आलेल्या मुंग्यांची जबाबदारी घ्यायला कुणी तयार नाही.

तुला ठाऊकच आहे, मी ही मालिका कधी पाहिली नाही. तरी मी तिचा कट्टर भक्त! रोज केनवडहून तुझा फोन यायचा आणि इकडे वाशीमला चहा पीत मी आख्खा भाग कानांनी पाहायचो. तू गेल्यापासून मालिकेतल्या तुझ्या लाडक्या आत्याबाईचं पुढं काय झालं ते कळलंच नव्हतं. म्हणून बसलो.

आणि पाहतो तर कथाच नाही! मालिकेनं मालिकेचाच वाढदिवस मांडलेला. दिवाणखान्याची भिंत सरकवून मागचं प्लायवूड दाखवलं. खलनायिका सुनेला केक भरवते, दिग्दर्शक स्वतःवर विनोद करतो, पात्रं स्वतःच्याच जुन्या प्रसंगांना टाळ्या वाजवतात. नवरदेवानं स्वतःच स्वतःला आहेर करावा, तसं.

तुझी आत्याबाईही आली. शुद्ध पुणेरी बोलली गं! तुझ्या फोनवर तर ती ठसक्यात वऱ्हाडी बोलायची. मी भाऊबीजेच्या प्रसंगाची वाट पाहत होतो. तो सांगताना तुझा आवाज बसला होता, आठवतं?

"आज तं लय रडू आलं बापा. आत्याबाईचा भाऊ आला, अन् अर्ध्या ताटावरून उठून गेला! म्हने, गाडी निंगून जाईन. काहून असं करत असन रे तो?"

मी काय म्हणालो? "ताई, त्या नटाला अर्ध्याच दिवसाचे पैसे देत असतील." आणि माझ्याच विनोदावर मी हसलो. तूही हसलीस. जरा उशिरानं.

तो प्रसंग दाखवलाच नाही. शेवटी दिग्दर्शकानं आत्याबाई झालेल्या त्या बाईंना विचारलं, एवढ्या वर्षांत कशाची उणीव भासली? त्या म्हणाल्या, "तुम्ही मला माहेरचं कुणीच दिलं नाहीत हो. साधा एक भाऊसुद्धा नाही."

टीव्ही बंद झाला तरी मी खुर्चीतून उठलो नाही.

मग तो कोण होता, ताई, जो दारातूनच चहा नको म्हणायचा? ज्याच्यासाठी आत्याबाई कुरडया तळून ठेवायची आणि संध्याकाळी शेजारच्या पोरांना वाटून टाकायची? तू तो प्रसंग सांगितलास त्याच्या पंधराच दिवस आधी मी तुझ्याकडे वरणभात कालवलेला तसाच टाकून गाडी धरली होती. वर्षभर तू माझी कागाळी मलाच सांगत होतीस, आणि मी दाद देत होतो, "काय नालायक माणूस आहे गं!"

सरळ शिवी द्यायची होतीस ना! जगाला चिमटे काढणारे लेख लिहून पोट भरणाऱ्या माणसाला इतका मऊ चिमटा कळावा तरी कसा?

आज केनवडला आलो. दाजींनी स्वतः बेसन केलं, भाकरी शेजारच्या काकूंनी थापून दिल्या. पहिली भाकर संपली नाही तोच रस्त्यावर वाशीमच्या गाडीचा हॉर्न वाजला. दाजी वाढता वाढता थांबले.

"गाडी निंगून जाईन नं तुमची, गजूभाऊ."

"जाऊ द्या, दाजी. अजून अर्धी वाढा."

त्यांनी भाकर मोडली, मोठा तुकडा माझ्या ताटात ठेवला आणि तोंड फिरवून पाणी आणायला गेले.

यापुढे दर भाऊबीजेला मुक्कामी येईन. ओवाळायला कुणी नसलं तरी येईन. दाजींना आत्याबाईची गोष्ट सांगेन, टीव्हीवरची नाही, तू सांगायचीस ती. त्यातल्या भावालाही वगळणार नाही.

ताट स्वच्छ केलं, ताई. लोणच्याची फोडसुद्धा ठेवली नाही. मग हात धुतले.

तुझा,
गजू