डोलकाठीवर होतीस तेव्हा

बालाघाट,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय अपेक्षा,

इतके दिवस गप्प राहिले, माफ कर. फोनवर मी पुन्हा इकडचं तिकडचं बोलत बसेन, म्हणून पत्र.

झोपाळा छान चालतो आहे. दिवाळीत त्याचा झिजलेला आकडा काढून तू शिडाच्या होडीवरची ती स्टीलची कडी, शॅकल, बसवलीस आणि तिच्या पिनेच्या भोकातून बारीक तार ओवून बांधलीस. मी म्हटलं, पान्यानं आवळलीस तेवढं पुरे. तू म्हणालीस, "जे सारखं हलतं, त्याची पिन आपोआप सुटते, आई." तुझी ललिताकाकू रोज दुपारी त्यावर बसून किरनापूरच्या माहेरच्या गोष्टी सांगते. कडी कुणी बसवली, हे तिला मी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं, तर तू हे काम कुठे शिकलीस तेही सांगावं लागलं असतं.

भोपाळच्या तलावावर तू शिडाच्या शर्यती खेळायचीस, तोवर सोपं होतं. मग खांदा दुखावला, शर्यती सुटल्या, आणि तू मुंबईला दुसऱ्यांच्या होड्यांचे दोर, पुल्या, तारा बसवायला लागलीस. कोणतंही काम हलकं नसतं, असं मी वर्गात मुलांना शिकवते. पण ललितानं विचारलं तेव्हा तोंडातून निघालं, "जहाजाच्या कंपनीत अफसर हाय." तुला हे आज पहिल्यांदा कळतं आहे.

जानेवारीत राजेंद्रमामाच्या घरभरणीला आम्ही दोघी मुंबईला आलो. तुला म्हटलं, भेटायला वेळ होणार नाही. पण ललिताला समुद्र पाहायचा होता, आणि आम्ही एका धक्क्यावर येऊन उभ्या राहिलो. ओहोटी होती. होड्या खाली गेलेल्या, दोर सैल सोडलेले. वैनगंगेवर महागू नावाडी आपला डोंगा खुंटीला आखूड बांधतो, ते पाहून तू हसली होतीस. समुद्रात असं बांधलं तर ओहोटीला होडी दोरालाच टांगून राहील, म्हणाली होतीस. ते आठवत होतं, तेवढ्यात डोलकाठीच्या टोकाशी, दोराच्या पाळण्यात बसलेली, वंगणानं काळ्या झालेल्या हातांची तू दिसलीस.

एक मोठी लाँच जोरात गेली. तिच्या लाटा धक्क्यापर्यंत आल्या, होडी डुलली, आणि वर तुझा पाळणा केवढा झुलला! शेजारच्या होडीची काठी तुला लागते की काय, म्हणून मी डोळे मिटले. उघडले, तर तू एका हातानं काठी धरून दुसऱ्यानं पाना फिरवत होतीस.

ललिता म्हणाली, "ताई, थे पोरगी आपल्या अपेक्षासारखी नाही दिसत काय व?"

मी म्हटलं, "काहीतरीच तुझं. थे हापिसात असते."

"हौ, थेही खरं. पन काय छाती हाय व पोरीची! इच्या मायनं येऊन पाह्यलं पाह्यजे."

मी तिचा दंड धरून तिला चणेवाल्याकडे नेलं. वळताना एकदा वर पाहिलं. तुझा पाना थांबला होता.

संध्याकाळी तुझा फोन आला. जेवलीस का, मामाचं घर कसं आहे, एवढंच विचारलंस. त्यानंतर फोन नाही. विचारलं असतंस तर मी खोटं बोलले असते. म्हणूनच विचारलं नाहीस का? भीतीनं डोळे मिटले ती आई मी, की ओळख नाकारली ती, हे डायरीत लिहिते आणि खोडते. दोन्ही मीच.

परवा ललितानं झोपाळ्यावरून विचारलं, "ताई, माह्या श्रुतिकाले अपेक्षाच्या हापिसात लावून देता येईन काय?" मी चहा टाकायला उठले. आधणाकडे पाहत उभी असताना कळलं, की हे आता माझ्यापुरतं राहिलेलं नाही. म्हणून लिहिते आहे. मी धक्क्यावर होते, अपेक्षा. तुला पाहिलं, आणि ती तू नव्हेस असं म्हटलं. माफी तुझ्याकडे मागते आहे, पण खोटं जिथे बोलले तिथेच ते मोडायला हवं.

तुझीच,
आई

ता. क. डायरीत उद्याच्या पानावर लिहिलं आहे: ललिता झोपाळ्यावर येऊन बसली, की डोलकाठीवरच्या त्या पोरीचं नाव तिला सांगणे.