बिनफवारणीची वांगी

४ नोव्हेंबर, सकाळी ७
निशिगंधा काल बाळंतपणाला आली. पहिलंच आहे, सातवा संपत आलाय. ठराव : आजपासून बाजारची भाजी या घरात येणार नाही. दुसरबीडात बावीस वर्षं कीटकनाशकं विकतोय, कोण कशावर काय मारतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत? आज फवारा, उद्या तोडणी, परवा कुणाच्या तरी पोटात. किती दिवस थांबायचं ते लेबलवर छापलेलं असतं. पण वाचेल तो शेतकरी कसला!
(अक्षर फार बारीक असतं. मीही वाचत नाही. पण माझं अनुभवावर चालतं.)

संध्याकाळ
आमच्या सौ. वच्छलाबाईंनी बाजारातून भेंडी आणि फ्लॉवर आणलाच. उचलून गाईपुढे टाकला. वच्छलाबाई म्हणे, गाईचं दूध मंग कोण पेते? बायकांना सायन्स समजत नाही. दूध आपण उकळतो.

५ नोव्हेंबर
एक शहाणा दुकानात येऊन म्हणतो, भाऊ, जरा सौम्य औषध हाय का? सौम्य पाहिजे तर अळीला हात जोड म्हटलं. वांग्याला मी दोन टोपणं सांगतो, लेबलवर एक का असेना. रिझल्ट आला नाही तर कस्टमर समोरच्या दुकानात जातो. धंदा वेगळा, खाणं वेगळं.

७ नोव्हेंबर
प्लॅन जमला. भागवत, माझा जुना कस्टमर. दोन एकर वांगी बाजारासाठी, आणि विहिरीजवळ एक वाफा घरच्यासाठी. त्याच्यावर फवारा नाही. बहुतेक सगळेच असा वाफा ठेवतात. काय ही नियत! लोकांच्या लेकरांना विष आणि स्वतःच्या लेकरांना निवडून चांगलं. थुंकावंसं वाटतं.
त्याला सांगितलं, उद्यापासून त्या वाफ्यातली वांगी रोज माझ्याकडे. म्हणे, लहानसा वाफा हाय भाऊ, आमच्या लेकरायलेच पुरत नाही. म्हटलं, हंगामात माल संपतो तेव्हा तुझा औषधाचा डबा बाजूला कोण काढून ठेवतं? म्हणे, पाठवतो.

८ नोव्हेंबर
पहिली वांगी आली. निशिगंधा दोन्ही वेळा भरीत-भाकरी जेवली. शेगावला सासूला फोन करून सांगितलं म्हणे, बाबांनी बिनफवारणीची सोय केली. व्याह्यांनाही ऐकू गेलं असेल. जावंच.

१२ नोव्हेंबर
वांग्यात अळी! जिवंत! सौ.ने तेवढा भाग कापून बाकीचं फोडणीला टाकलं. म्हणे, अळीले काही झालं नाही, मंग आपल्याले काय होते? अडाणीपणाला औषध नाही. माझी मुलगी किडकं खाणार?
तडक भागवतचं शेत गाठलं. दहातली सहा पोखरलेली. चांगला झापला. शुद्ध म्हणजे किडकं नव्हे, क्वालिटी पाहिजे. माझ्याकडचा नवीन डबा दिला, एकच हात मार म्हटलं. तो म्हणे, भाऊ, हा घरचा वाफा हाय. मला शिकवतो! बाजारवाल्यांनी मारलेलं वेगळं आणि माझ्या देखरेखीखाली मारलेलं वेगळं. उद्या सकाळी मारून टाक आणि वांगी रोज पाठव, खंड नको.

१५ नोव्हेंबर
आज एकही डाग नाही. निशिगंधाने मागून वाढून घेतलं. फवाऱ्याला किती दिवस झाले ते मोजलं नाही. दंव पडतं, धुऊन जातं.

१६ नोव्हेंबर, दुपारी
घोळ झाला. भागवतची बायको बेबीताई निशिगंधाला बघायला आली आणि विचारून बसली, ताई, तुमी ते वांगे खाल्ले त नाही ना? म्हणे, फवारा मारल्यापासून आमी त्या वाफ्यात हातबी घातला नाही, लेकरायले दाळभाकर देऊन राह्यलो. भाऊनं रोज पाठव म्हणलं, मंग पाठवले.
निशिगंधाने दुकानातून तसाच डबा मागवला. मोबाइलवर फोटो काढून अक्षर मोठं केलं, वाचलं आणि रडायला लागली. म्हणाली, बाबा, हे तुम्ही एकदा तरी वाचलं का? पोरीला बी.एस्सी. मीच केलं.

१७ नोव्हेंबर
बुलढाण्याला सोनोग्राफी. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळ ठीक दिसतंय, पण जपा. 'ठीक दिसतंय' हे मी गाडीत चारदा म्हणालो. छातीत अजून धडधडतंय. बीपी असेल.

१९ नोव्हेंबर
निशिगंधा शेगावला गेली. पहिलं बाळंतपण सासरी! वच्छलाबाईही सोबत गेल्या. गावात सांगितलं, तिकडे हॉस्पिटल चांगलं आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मूर्ख लोक, काहीही खरं मानतात. मानत नसतील तर तसं तोंडावर म्हणायची हिंमत नाही.
घर खायला उठतं.

१८ जानेवारी, सकाळी ६
नात झाली! दोघी सुखरूप. रडलो. इथे लिहायला हरकत नाही.
लगेच निघतो म्हटलं तर निशिगंधाने फोन घेतला. म्हणाली, या बाबा, पण दुकानात न जाता या. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून. तुमच्या अंगाला औषधाचा वास येतो, मी लहान होते तेव्हापासून येतो. नाहीतर बाळाला हातात देणार नाही.
दोनदा अंघोळ केली. साबण अख्खा संपवला. शर्ट नवा काढला. बाही हुंगली, मग हात हुंगले.
मला तर कसलाच वास येत नाही.