एकेचाळीस पुस्तकांतली आत्या

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, शाळा चौथीपर्यंत, धंदा प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिण्याचा, हे मृत्युपत्र स्वखुशीने, शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गेल्या गुरुवारपासून मला धक्का बसलेला आहे. पण धक्का बसलेल्या माणसाचं मृत्युपत्र चालतं, असं वकीलबाई म्हणाल्या.

१. या धंद्याने मला भरभरून दिलं. खिडकीत बसून बसथांब्यावरची भांडणं ऐकली, तरी घरात म्हणत, "ती काम करतेय." दातांच्या डॉक्टरीणबाई मला रांगेआधी आत घेत आणि तोंडात हत्यार घालून विचारत, "पुढे त्यांचं जमतं ना हो?" ती खिडकीतली खुर्ची त्यांना द्यावी.

२. मोठे दीर माझ्या पुस्तकांना रद्दी म्हणत आले. त्यांना सगळ्या पुस्तकांची एकेक प्रत द्यावी. चार त्यांच्या उशीखाली आधीच आहेत. त्या वजा कराव्यात.

३. दोन खोल्यांचं हे घर, बँकेतली ठेव आणि एकेचाळीस पुस्तकांचे हक्क माझ्या धाकट्या नणंदेला. आधी तिच्या नावे फक्त टाइपरायटर करणार होते. बदल का, ते लिहिणं भाग आहे.

एकतीस वर्षं मी हाताने लिहिते, ती टाइप करते आणि गठ्ठा थेट प्रकाशकाकडे जातो. छापलेलं मी उघडत नाही. स्वतःच्या चुका दिसल्या की जेवण जात नाही. वकीलबाईंनी पुस्तकांची यादी मागितली म्हणून गुरुवारी पहिल्यांदा उघडलं. माझ्या प्रत्येक कादंबरीत नायिकेची एक बिनलग्नाची आत्या असते. तिला मी पहिल्या प्रकरणात चहा करायला पाठवते आणि विसरून जाते. छापील पुस्तकात ती परत येते! सगळ्याच्या सगळ्या पुस्तकांत, शेवटून दुसऱ्या पानावर, काळ्या बोटांचा एक अबोल माणूस दारात उभा राहतो आणि आत्या त्याला म्हणते, "बसा." 'आत्या फार आवडली' अशी पत्रं यायची, तेव्हा वाटायचं, लोकांनी दुसऱ्याच बाईचं पुस्तक वाचलंय.

"हे काय गं?" मी विचारलं.

"वहिनी, तुम्ही तिला नुसती चहाला जुंपता."

"अगं, पण मला सांगायचंस तरी!"

"पहिल्याच पुस्तकाला वाटलं होतं, वाचाल आणि विचाराल."

टाइपरायटर दुरुस्त करणारे मशीनवाले दर गुरुवारी आमच्याकडे येतात. बोटं शाईने काळी. मशीनला दर आठवड्याला तेल लागतं, अशी माझी एकतीस वर्षं समजूत! प्रेमावर पोट भरलं मी, आणि हे माझ्याच पुढच्या खोलीत.

४. यापुढे पुस्तकांवर माझ्या नावाशेजारी नणंदेचंही नाव छापावं.

हा कागद टाइपाला दिलेला नाही. यातही आत्या आली असती.

साक्षीला मशीनवाल्यांना बोलावलं होतं. ते हात धुऊन आले, पेनाचं टोपण काढलं. वकीलबाईंनी नियम सांगितला: ज्याला घर मिळतं तो साक्षीदार चालत नाही, त्याचा जोडीदारही नाही. "पण यांचा तसा काही संबंध नाही ना?"

मशीनवाले पेनाकडे बघत राहिले.

"वहिनी, त्यांची सही नका घेऊ," नणंद दारातून म्हणाली. "पुढे अडचण नको."

मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बसा."

सही: माझी, पुस्तकांवर असते तीच
साक्षीदार: १. वकीलबाई
२. खालच्या मजल्यावरचे शिंपी (मशीनवाल्यांच्या जागी, घाईने बोलावून)
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: नऊ, गुरुवार