शेजारणीला दिलेल्या पट्ट्या

प्रिय तोवाको,

काल बाबांचा फोन आला होता. तू बुधवारच्या गाडीचं तिकीट काढलंस, पांढरा कोट धुऊन, घडी करून त्यांच्या कपाटात ठेवलास, असं ते म्हणाले. आता अ‍ॅक्युपंक्चरची सुई हातात धरायची नाही, गावी जाऊन मामाच्या नूडल्सच्या दुकानात बसायचं, असं तू ठरवलंस म्हणे. कारण मला ठाऊक आहे. कुरेता आजींचं ऑक्टोबरचं बिल नगरपालिकेच्या विमा विभागातून परत आलं, आणि तेव्हापासून आजी दवाखान्यात फिरकल्या नाहीत. बिल परत येण्यातही तुझीच चूक आणि आजी न येण्यातही तुझीच, असं तू धरून बसली आहेस. म्हणून हे लिहिते आहे, आज रात्रीच्या बसनं येऊन तुझ्या दाराखालून सरकवीन. फोनवर बोलायला घेतलं असतं तर मध्येच गप्प झाले असते.

तुला एक सांगायचं राहिलं आहे, ते आधी सांगते. तू आमच्याकडे शिकायला आलीस त्या उन्हाळ्यात मी कॉलेजच्या सुट्टीत घरी आले होते. अंगणात पाण्याचं घमेलं होतं, त्यात सफरचंद तरंगत होतं आणि तू त्यात सुई घालत होतीस. हात जड असला की फळ बुडतं किंवा गरकन फिरतं. बाबांना दिसत नाही, पण पाण्याच्या आवाजावरून त्यांना सगळं कळतं. त्या दिवशी पाणी वाजलंच नाही. बाबा नुसतं “हं” म्हणाले. तू लाजून हसलीस आणि मला म्हणालीस, “चिगुसाताई, सफरचंद खाणार का? भोकं पडली आहेत, पण गोड आहे.” मी नको म्हटलं, पोटाचं निमित्त सांगितलं. पोटाला काहीच झालं नव्हतं. मी दहा वर्षांची असताना त्याच घमेल्यासमोर सबंध हिवाळा बसले होते. माझं सफरचंद दर वेळी बुडून वर यायचं. शेवटी बाबा म्हणाले, “तुझ्या हाताला घाई आहे, पोरी. तू आपली पेन धर.” ते चिडून नव्हते म्हणाले. चिडून म्हणाले असते तर मी विसरले असते.

मग मी पेन धरलं. आई गेल्यावर बाबांच्या पेशंटांचे विम्याचे अर्ज मीच भरायची. डॉक्टरांचं संमतिपत्र जोडलं आहे का, त्याला सहा महिने उलटले नाहीत ना, कंबर लिहिलंय की मान, सगळं बाराव्या वर्षी मला पाठ होतं. शेवटी बाबांचा शिक्का त्यांच्या बोटांत देऊन, त्यांचं मनगट धरून, तो बरोबर चौकोनात उमटवायची. त्या कागदांमुळे मासळी वाळवणारी बाई आणि बँकेचा मॅनेजर बाबांच्या एकाच खाटेवर उपचार घेऊ शकतात, हे मला फार मोठं वाटायचं. अजूनही वाटतं. कॉलेजात तेच शिकले, आणि आता नगरपालिकेच्या विमा विभागात तेच काम करते. आईच्या आणि बाबांच्या, दोन्ही घराण्यांत पदवी घेतलेली मी पहिलीच. निकाल लागला तेव्हा बाबांनी माझं प्रमाणपत्र हातात घेऊन कडेनं चाचपलं, कागद चांगला जाड आहे म्हणाले, आणि लगेच तुला हाक मारली, “तोवाको, शेकायच्या मोक्साची पेटी कुठे ठेवलीस?”

हे वाचून तुला वाटेल, एवढ्याशा गोष्टी ही बाई आठ वर्षं मोजत बसली. मोजत होते. दर रविवारी मी बसनं पाऊण तास येते, आणि बाबा माझ्या पावलांवरून विचारतात, “कोण, तोवाको?” मी चहा केला तर दोन घोटांनंतर म्हणतात, आज पानं जास्त पडली. तू केलास तर काही म्हणतच नाहीत. गेल्या पावसाळ्यात त्यांनी शिक्का तुझ्याकडे दिला. ते बरोबरच होतं, अर्ज तूच भरतेस. पण मला कोणी सांगितलं नाही. माझ्या टेबलावर कागद आला, तेव्हा शिक्का चौकोनात अगदी सरळ पाहिला आणि कळलं.

बाबांचे कागद माझ्या टेबलावर यायचे नाहीत, असं आमच्या हिरोनोसाहेबांनी पहिल्याच दिवशी ठरवून दिलं होतं. पण शेजारच्या टेबलावरची बाई बाळंतपणाच्या रजेवर आहे आणि जानेवारीत साहेब चार दिवस बैठकीला गेले होते. इस्पितळाच्या नोंदी आमच्याकडे उशिरा येतात. त्यांत दिसलं, की कुरेता आजींना ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी कंबरेला चिकटवायच्या औषधी पट्ट्या लिहून दिल्या होत्या. त्याच महिन्यात, त्याच कंबरेसाठी तुझ्या सुया. नियम तुला माहीत आहे. एकाच दुखण्यावर डॉक्टरचा उपचार चालू असला, तर सुयांचं बिल विमा देत नाही, आणि नुसती पट्टी हाही उपचारच. उपचार करणाऱ्याच्या जागी पहिल्यांदाच बाबांचं नव्हे, तुझं नाव होतं. ज्यांना बाबांनी वीस वर्षं दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही, त्या कुरेता आजी त्यांनी तुला दिल्या होत्या.

अशा वेळी आमच्याकडे आधी फोन उचलायचा असतो. हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही, पण साहेबांची पद्धत आहे. दवाखान्यात विचारायचं, मग पेशंटशी बोलायचं, आणि पत्र सगळ्यात शेवटी. दहांतली नऊ प्रकरणं बोलण्यातच सुटतात. फोन माझ्या उजव्या हाताशी होता. मी तो उचलला नाही. बिलावर परतीची चिठ्ठी लावली आणि आजींना छापील पत्र पाठवलं. त्या पत्राची भाषा मला माहीत होती. ते वाचून एकाहत्तर वर्षांच्या एकट्या बाईला काय वाटेल, तेही माहीत होतं. साहेब परत आल्यावर त्यांनाही काही बोलले नाही. बाबा फोनवर म्हणाले, “तोवाको धड जेवत नाही गं,” तेव्हा मी “अरेरे” म्हटलं आणि त्या दिवशी मला चांगली भूक लागली होती.

मग तुझं माफीपत्र आलं. नगरपालिकेला असं कोणी लिहीत नाही, तोवाको. ‘दर खेपेला मी आजींना विचारत होते, पण नीट विचारायला कमी पडले असेन, सेन्सेईंचा यात दोष नाही.’ बाबांना तिथेही सेन्सेई, गुरुजी, म्हटलंस. पत्र मी तीनदा वाचलं. चूक शोधत होते, एखादं अक्षर तरी. सापडलं नाही. ते खणात ठेवून दिलं. आठवडाभर खण उघडायची वेळ आली, की मी पेन्सिल समोरच्या टेबलावरून मागून घ्यायची.

कालच्या फोननंतर मी आज रजा टाकली आणि बर्फातून आजींच्या घरी गेले. त्यांनी दार बोटभर उघडलं. नगरपालिकेतून आले म्हटल्यावर उंबऱ्यातच वाकल्या आणि म्हणाल्या, “दंड किती भरायचा, साहेब?” लहानपणापासून ओळखणाऱ्या आजी मला साहेब म्हणाल्या. आत शेगडीवर मासळी जळत होती, ती आधी उतरवली, मग बसलो. पट्ट्यांचं विचारलं. तर म्हणाल्या, “मी कुठे मागितल्या? संमतिपत्राला गेले तर डॉक्टर म्हणाले, पट्ट्या देऊ का? आता एवढा शिकलेला माणूस आपणहून देतोय, त्याला नको कसं म्हणायचं? पाच पाकिटं दिली. मी एकही लावली नाही. शेजारच्या बाईचा खांदा धरलाय, तिला दिली सगळी. तिनं दोन मुळे आणून दिले.” मग हळूच म्हणाल्या, “ती मुलगी दर वेळी विचारायची, आजी, पट्टी लावलीत का? मी नाही म्हणायचे. लावलीच नव्हती ना.”

खोटं कोणीच बोललं नव्हतं. तू विचारलंस, त्यांनी खरं सांगितलं. पत्र आल्यावर त्यांना वाटलं, आपण सरकारला फसवलं, आता सुया कायमच्या बंद, आणि आपल्यामुळे दवाखान्यावर बालंट आलं. म्हणून रस्त्यात बाबांची काठी वाजली तरी त्या गल्ली बदलत होत्या. सहा आठवडे कंबर धरून बसल्या आहेत. न्हाणीतल्या खोल टबात उतरता येत नाही म्हणून अंग नुसतं पुसतात. मी त्यांना सांगितलं, बंद फक्त ऑक्टोबरचं बिल आहे, बाकी सगळं चालू आहे, संमतिपत्र मार्चअखेरपर्यंत चालतं. पुन्हा डॉक्टरांनी पट्ट्या विचारल्या तर नको म्हणा. त्या घाबरल्या. मी म्हटलं, “नगरपालिकेनं सांगितलंय म्हणा.” तेव्हा कुठे हसल्या. “हे बरंय. तुमच्यावर ढकलते.”

तिथून ऑफिसात जाऊन साहेबांना सगळं सांगितलं, फोन का उचलला नाही तेसुद्धा. विम्यावरच्या पट्ट्या शेजारणीला देणं नियमात बसत नाही, त्यावर म्हणाले, “ते मी ऐकलं नाही.” आणि माझं म्हणाले, “नियमात तू कुठेच चुकली नाहीस. म्हणून तर तुला रागावता येत नाही.” एप्रिलपासून मला दुसऱ्या विभागात घालतील.

आता खरं ते लिहिते. काल बाबांनी फोन केला तो मला एकच गोष्ट सांगायला, की चिगुसा, तू शिकलेली आहेस, तिला समजाव, ती तुझं ऐकेल. आठ वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं, आणि तेही तुझ्यासाठी. मी हो म्हटलं, आणि रात्रभर मनात येत होतं, की बुधवार परवावर तर आलाय, नुसतं गप्प बसलं तरी पुरे. सकाळीसुद्धा आजींकडे मी तुझ्यासाठी गेले नव्हते. तुझी एखादी खरी चूक सापडेल म्हणून गेले होते. निघताना आजींना म्हटलं, गुरुवारी दहाला या, बाबा तुम्हाला तपासतील. तर म्हणाल्या, “सेन्सेई नकोत. त्या मुलीला सांगा. तिचा हात गार असतो, पण सुई गेलेली कळत नाही. सेन्सेईंची कळते हो. वीस वर्षं बोलले नाही, त्यांना वाईट वाटेल.” हे मी तुला सांगायला नको होतं, असं मला इथेही, या ओळीवरसुद्धा वाटतं आहे. पण वेळ त्यांनी तुझ्या नावानं मागितली आणि मी ती देऊन टाकली आहे. तिकीट परत कर. कोट कपाटातून काढ. माझ्या मनातलं जे आहे ते गेलेलं नाही, जाईल असं वचनही देत नाही. गुरुवारी दहाला कुरेता आजी येतील.

तुझीच, जमेल तितकी,
चिगुसा