ड्रायव्हरने घर सोडायचे नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा कवळ्या बनवण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. दबाव म्हणजे काय याचा मला सतरा वर्षांच्या संसाराचा अनुभव आहे, त्यामुळे तो असता तर मी लगेच ओळखला असता. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत येऊन थांबले, पण ते बरोबर आहे का हे बघायला डॉक्टरांनाच मोबाइल काढावा लागला.

वकिलांनी मला एक छापील नमुना दिला होता. त्यातले एकेक वाक्य अर्ध्या पानाचे होते आणि त्यात मी कुठेच सापडत नव्हते. म्हणून माझे मी लिहिते.

१. माझी मिळकत अशी: तळमजल्यावर कवळ्यांची खोली, वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची. हे सगळे लोकांच्या दातांवर उभे राहिले आहे. यात वडिलोपार्जित एक खिळाही नाही, त्यामुळे सासरच्या कोणी 'आमच्या घराण्याचे' असा शब्द काढू नये.

२. गेली पाच वर्षे माझ्यासोबत राहणारे निवृत्त बसड्रायव्हर (यापुढे 'ड्रायव्हर') यांना वरच्या दोन्ही खोल्यांत, स्वयंपाकघरात व गच्चीवर हयात असेपर्यंत राहण्याचा हक्क आहे. त्यांच्या पश्चात घर माझ्या मुलाचे. आमचे लग्न झालेले नाही. ड्रायव्हरांनी दोनदा विचारले. मी दोन्ही वेळा म्हटले, "एकदा केलं, पुरलं. तुम्ही आपले राहा."

हे कलम लिहायचे कारण म्हणजे मुलगा. दोन आठवड्यांपूर्वी जेवताना तो मला म्हणाला, "आई, तुझ्यानंतर त्यांनी आपलं पुतण्याकडे जावं. त्यांचं इथे काय आहे?" ड्रायव्हर समोरच बसले होते. त्यांनी ताटातले संपवले आणि हात धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. मला एकदा घरातून बाहेर काढलेले आहे. भर दुपारी, अंगावरच्या कपड्यांनिशी, शेजारीपाजारी बघत असताना. मुलगा तेव्हा शाळेत होता. तो घरी आल्यावर त्याच्या वडिलांनी सांगितले की आई निघून गेली. माझ्याकडे त्या दिवशी कागद नव्हता. ड्रायव्हरांकडे असला पाहिजे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

३. त्यांचे इथे काय आहे, हे आता सांगते. सहा वर्षांपूर्वी दाताच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना माझ्याकडे पाठवले. मी वरची-खालची कवळी करून दिली. आठ दिवसांत परत आले, "खालची टोचते." घासून दिली. पुन्हा आले, "आता हलते." दोन महिन्यांत पाच फेऱ्या झाल्या. माझ्या हातची कवळी एवढी बिघडत नाही, म्हणून मला रात्रंदिवस दुसरे काही सुचेनासे झाले. पाचव्या वेळी मी ती खिडकीपाशी उजेडात धरली. माझ्या कानशीचे ओरखडे एका दिशेने जातात. यावर आडवेतिडवे होते, आणि कडेला गाडीच्या पत्र्याचा रंग काढतात तसल्या कागदाची काळी भुकटी होती.

मी विचारले, "हे कोणी घासलं?"

"मी."

"कशासाठी?"

"नीट बसली असती तर मी कोणत्या तोंडाने आलो असतो?"

मी हसले आणि सवयीने तोंडावर हात ठेवला. माझे वरचे पुढचे दोन दात माझे नाहीत, मीच बनवलेले आहेत, आणि हसताना ते झाकायची सवय मला बत्तीस वर्षे होती. ड्रायव्हर म्हणाले, "हात काढा की. एवढं चांगलं काम आणि झाकून ठेवता?" मला आजवर माझ्या कामाबद्दल पुष्कळ जण चांगले बोलले आहेत. पण त्या दिवशी मी खोलीचे दार लावून घेतले आणि पोटभर रडले. माझे या माणसावर प्रेम आहे, आणि ते मृत्युपत्रात लिहायला कायद्याची आडकाठी नाही, हे मी वकिलांना विचारून घेतले आहे.

४. ड्रायव्हरांच्या तोंडातल्या दोन्ही कवळ्या मी बनवल्या असल्या तरी माझ्या मिळकतीत मोडत नाहीत. कोणी मागू नयेत.

५. ड्रायव्हरांबाबत सूचना. झोपताना कवळ्या पाण्यात ठेवायच्या असतात, हे त्यांना रोज सांगावे लागते. मोटारीत मागे बसवले तरी ते पायाने ब्रेक दाबतात. चालवणाऱ्याने मनाला लावून घेऊ नये. वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात. त्यांना थांबवायचे नाही, 'हं' म्हणत राहायचे. आवाज चढवून बोलणे त्यांना जमत नाही. पहिल्या वर्षी त्यांच्या हातून माझा आवडता कप फुटला, तेव्हा मी भिंतीला टेकून उभी राहिले. ते केरसुणी घेऊन आले आणि मला म्हणाले, "सांभाळून, पायात जाईल." मी अर्धा तास वाट बघत होते, पण पुढे काहीच झाले नाही.

६. माझ्या कानशी, मेणाचे चाकू, पॉलिशचे चाक व साचे ओतायची भांडी काम शिकायला येणाऱ्या पहिल्या बाईला द्यावीत. निवड डॉक्टरीणबाईंनी करावी. "घरी विचारून सांगते" म्हणणारीला देऊ नयेत, असे मी आधी लिहिणार होते. मग आठवले की मीसुद्धा तेच म्हणाले होते. तिलाही द्यावीत.

७. माझ्या नणंदेला काही नाही. "माझा भाऊ तापट आहे गं, पण मनाने चांगला आहे," असे तिने मला सतरा वर्षे ऐकवले. त्याचे मन बघायला मी डोळ्यांत तेल घालून बसले होते, ते काही दिसले नाही. तरी तिच्या नव्या कवळीची वर्षभराची हमी मी गेल्यावरही पाळावी. धंदा तो धंदा. तिच्या भावाचा, म्हणजे माझ्या दिवंगत नवऱ्याचा, फोटो मुलाने खुशाल आपल्या घरी लावावा. फक्त माझ्या फोटोशेजारी लावू नये. मला तिथून हलता येणार नाही.

८. माझ्या कपाटात वरच्या फळीवर एक प्लास्टरचा साचा आहे. तो माझ्या स्वतःच्या जबड्याचा आहे, पुढचे दोन दात नसलेला. खाली तारीख कोरली आहे. माझे पहिले खोटे दात बनवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने तो काढला, आणि मी त्यांच्या हाताकडे बघत बसले म्हणून मला विचारले, "शिकायचंय का?" धंद्यात मी अशी आले. हा साचा मुलाला द्यावा. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. आई पायरीवरून पडली, असे मी त्याला सांगितले होते. पायरी नव्हती.

वरचे कलम लिहून होते न होते तोच मुलगा आला. डॉक्टरीणबाई साक्षीसाठी येऊन बसल्या होत्या. दुसरे साक्षीदार, कोपऱ्यावरचे औषधवाले, दुकानातून "निघालोच" म्हणून फोन करत होते. मुलगा घराचेच बोलायला आला होता. मी म्हटले, "आधी वाच, मग बोल." आत्याच्या कलमावर तो हसला. शेवटच्या पानावर थांबला, आणि कपाट उघडून साचा बघून आला.

"पायरी नव्हती?"

"नव्हती."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तेव्हा तू सहाचा होतास. मग पंधराचा झालास, तेव्हा तुला तुझे वडील आवडायचे. कधी सांगू?"

कोणाच्या डोळ्यांत पाणी आले की ड्रायव्हर चहा टाकतात. तसा टाकला आणि साखर विसरले. मुलाने तो तसाच संपवला आणि म्हणाला, "औषधवाल्यांना राहू दे. साक्षीदार मी होतो."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अरे, ज्याला मिळायचंय त्याने साक्षीची सही करायची नसते. केली तर त्याचं मिळणं रद्द."

"माहितीये मला. म्हणून तर म्हणतोय. आई, माझ्या जागी पोरीचं नाव घाल." मग ड्रायव्हरांकडे वळून म्हणाला, "काका, पेन द्या."

पाच वर्षांत त्याने त्यांना कशानेच हाक मारली नव्हती. ड्रायव्हरांनी दोन्ही खिसे चाचपले. पेन त्यांच्या हातातच होते.

दुरुस्ती: कलम २ मध्ये 'मुलाचे' हा शब्द खोडून 'नातीचे' असे केले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. कलम ८ रद्द. साचा मुलाला आज माझ्या हाताने दिला.

स्थळ: माझे राहते घर, वरची खोली
दिनांक: १५ जून २०२५, रविवार
मृत्युपत्र करणारीची सही: (केली)

साक्षीदार १: दाताच्या डॉक्टरीणबाई. (सही केली. त्यांचेच अक्षर आहे, कोणी शंका घेऊ नये.)

साक्षीदार २: मुलगा. (सही केली. पुढची ओळ त्याने स्वतः लिहिली.)
वरचे सर्व वाचले. हिस्सा नाही. हरकत नाही.