सोन्यासाठी चवपालट

१४ ऑक्टोबर २००६, नॉटिंगहॅम

पोचले बाप्पा एकदाची! खोली मस्त, ऑफिसला एकच बस, आणि घरमालकीण चक्क मराठी. अरुणाकाकू इथल्या हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या डॉक्टर. आल्याआल्या गरम वरणभात वाढला, म्हणाल्या, वरदा, लाजू नकोस, पोटभर जेव. आधीची भाडेकरू नीना न सांगताच इंडियाला परत गेली म्हणे. काकूंची अट एकच. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांच्या अजगराला खाऊ घालायला मदत करायची. पिवळाधमक, दिवाणापेक्षा लांब, नाव सोन्या! मी सावजी रस्सा ओरपणारी नागपूरकर, मेलेल्या उंदराला काय भिते!

२९ ऑक्टोबर

फ्रीझरमध्ये मटारच्या पाकिटाशेजारी उंदीर, कोंबडीची पिल्लं, ससे. गरम पाण्यात बर्फ वितळवायचा, मग लांब चिमट्याने समोर धरायचं. काकू म्हणतात, रोज एकच भाजी खाऊन आपल्यालाही वीट येतो, त्यालाही चवपालट नको का? पण मेलं जनावर महाहट्टी, नवीन काही तोंडात घेत नाही. त्यावर युक्ती आहे. नव्या खाण्याचा वास जुन्या खाण्याला चोळत राहायचा. वास ओळखीचा झाला की एक दिवस नवं खाणंही गपकन गिळतो. फ्रीझरच्या तळाशी एक जुना ससा सापडला, त्याला चक्क जाईच्या पावडरचा वास. काकूंच्या हाताचा असेल.

१९ नोव्हेंबर

काकू दर रविवारी माझ्या डोक्याला खोबरेल तेल चोळून देतात, वर जुना टॉवेल गुंडाळतात. परदेशात असं माहेरपण कुणाच्या नशिबी असतं? आईला फोनवर सांगितलं, तिला रडूच आलं.

३ डिसेंबर

आज सोन्यासाठी काकूंनी काढून ठेवलेला ससा घ्यायला गेले. त्याला खोबरेलाचा वास. माझ्याच टॉवेलात गुंडाळलेला! विचारलं तर काकू हसल्या, म्हणाल्या, चुकून झालं असेल गं. सोन्याने जीभ लपलपवून वास घेतला, तोंड फिरवलं. पुन्हा वळला आणि गिळला. काकूंनी टाळ्या वाजवल्या. मला काही हे बरं वाटलं नाही.

५ डिसेंबर

कपाटात मागे जाईच्या पावडरचा डबा. त्यावर नीनाचं नाव. तिचा कोट. कोटाच्या खिशात पासपोर्ट. पासपोर्टशिवाय ही पोरगी इंडियाला गेली कशी, माय वो? उद्या सकाळीच निघते. चुलीत जावो माझं सामान.

६ डिसेंबर

ताप भरला. काकूंनी काढा दिला, मी वेडी तो प्यायले. आता पाय उचलत नाहीत. दाराला बाहेरून कडी. मोबाइल गायब. खाली काकू ऑफिसला फोनवर सांगत होत्या, वरदा न सांगताच इंडियाला परत गेली. ओरडायला गेले. आवाजच फुटेना.

७ डिसेंबर

कुणी शोधणार नाही. आईला वाटतंय मी माहेरपणात — आई गं —

सरपटत खोलीतल्या बेसिनपाशी गेले, टेकून केस धुतले. साबण संपला. वास जात नाही. उशीला, हातांना, या वहीलाही खोबरेल —

८ डिसेंबर

कडी निघाली. दारामागून काकू बोलतायत, लहान बाळाला घास भरवताना बोलावं तसं — लाजू नकोस सोन्या, पोटभर जेव, ओळखीचीच आहे —

आत आला. जीभ लपलपवतोय. पायांपाशी —

तोंड फिरवलं! देवा, फिरवलं त्याने तोंड —

पुन्हा —