अलिबागला धागाकटिंग

१७ जानेवारी २००५, सोमवार
पायलचं कार्ड आलं. कापडातल्या कलेचं प्रदर्शन. अलिबागला, समुद्राला लागून एका जुन्या बंगल्यात. तिच्या वर्गातल्या आठ जणींची कामं. पाकिटावर ‘श्री. व सौ.’ म्हणजे राग गेला. मीनाला म्हटलं, आठ महिने बोलली नाही, शेवटी बापच आठवला. मीना म्हणाली, ‘श्री. व सौ.’ छापलेलंच असतं, हाताने फक्त पत्ता लिहिलाय.
बायकोला बारकावे कळत नाहीत.

१८ जानेवारी
मुळात भांडण नव्हतंच. मी एवढंच म्हटलं होतं की चिंध्या जोडायला कॉलेज कशाला लागतं. आणि ॲडमिशनच्या फॉर्मवर सही केली नाही. तेही तिच्या भल्यासाठी. सही मीनाने केली, त्यामुळे काही अडलं नाही. मग राग कसला?

२० जानेवारी, जेवणाच्या सुट्टीत
शेठला ठणकावून सांगितलं, सव्वीसला येणार नाही. शेठ म्हणाला, ‘मास्टर, माल अर्जंट है.’ मी म्हटलं, बेटी का एक्झिबिशन है. शेवटी मीच जिंकलो. बदल्यात फक्त दोन रविवार भरून द्यायचे.
उल्हासनगरात अठरा वर्षं जीन्स चेक करतोय. एक लोंबता धागा माझ्या नजरेतून सुटलेला नाही. पायलमध्ये जे काही आहे ते आलं कुठून, हा विचार कुणी करत नाही.

२५ जानेवारी
ठरलं. पहाटे पाचला अंबरनाथ सोडायचं, पनवेलला गाडी बदलायची, दहाला हजर. पायलशी मोठ्या मनाने बोलायचं. जुनं काही काढायचं नाही. तिने काढलं तर ऐकून घ्यायचं. पाच मिनिटं तरी.

२६ जानेवारी, दुपारी १२.५०
पोचलो. पनवेलची गाडी मी सांगितली तीच होती, फक्त ती पेणपर्यंतच जाणारी निघाली. मीना वाटेत बोलली नाही. गाडी लागते तिला.
पायल दारात होती. आईच्या गळ्यात पडली. मला म्हणाली, ‘आलात पप्पा? पाणी घ्या.’ चेहऱ्यावर आनंद दिसत होता. मोठ्या मनाने बोलणारच होतो, तेवढ्यात तिची मॅडम आली.
मग पायलचं काम बघितलं. समुद्राकडच्या खिडकीत बारा फुटी डेनिम टांगलंय. वरचं अर्धं ठीक. खालच्या अर्ध्यातून धागेच धागे लोंबतायत, पार जमिनीपर्यंत. हजारो. वारा आला की सगळे हलतात. आमच्याकडे असा पीस टेबलावर आला तर कारागिराला दारातून परत पाठवतात. आणि चार वाजता बाहेरचे पाहुणे येणार आहेत.
पोरीला कुणी सांगितलंच नसेल. मॅडम लोकांना मशीनवरचं काय कळतं.

दुपारी २.४५
पायल मीनाला घेऊन समुद्रावर गेली. म्हणाली, ‘पप्पा, येता?’ मी म्हटलं, पाय दुखतात. खोटं होतं. पण सरप्राइज द्यायचं तर खोटं बोलावं लागतं. वॉचमन कोंडाजी बाहेर डबा खात होता. धागे कापायचा कटर माझ्या खिशात असतोच.
सव्वा तास लागला. एका रेषेत. पट्टी लावून बघावं. कापलेले धागे पिशवीत भरले, फरशीवर एक तुकडा ठेवला नाही. अठरा वर्षांत इतकं मन लावून काम केलं नव्हतं.
आता येईलच ती.

संध्याकाळी ५.३०, एसटीत
पायल ओरडली नाही. हे लिहून ठेवतो.
आधी कापड बघितलं, मग माझ्या हातातली पिशवी. म्हणाली, ‘पप्पा, मी आडवे धागे एकेक ओढून काढले होते. उभे तेवढे ठेवले होते. चार महिने लागले.’
मी म्हटलं, अगं, मग कापायचंच राहिलं होतं ना.
ती खाली फरशीवर बसली. मीना तिच्याशेजारी बसली. मॅडम आली, कापडाकडे बघून इंग्लिशमध्ये हळू काहीतरी म्हणाली. मला ‘फिनिश्ड’ तेवढं कळलं. म्हणजे फिनिशिंग तिलाही पटलं असणार.
चार वाजता पाहुणे आले. कापड उतरवलेलं होतं. भिंतीवरची पायलच्या नावाची पाटीही काढली. पुढच्या वेळी चांगली जागा देणार असतील.

२८ जानेवारी
मीना आज बोलली. ते काम वर्षाच्या परीक्षेचं होतं. मार्क त्याच्यावरच होते. आता पहिलं वर्ष पुन्हा करावं लागेल, तेही कॉलेजने ठेवून घेतलं तर.
मी म्हटलं, मला आधी कुणी सांगायला नको? मीना म्हणाली, ‘तुम्ही विचारलंत कधी?’
मी पिशवीतले धागे काढून सरळ करायला घेतले.

३० जानेवारी, रविवार, कामावर
तोडगा सापडला. युनिटमधले दोन जण घ्यायचे, एक रविवार, सगळे धागे परत जोडायचे. जयदेव आमच्याकडचा सगळ्यात जुना कारागीर. धाग्यांची पिशवी दाखवून त्याला विचारलं. त्याने पिशवीत हात घातला, थोडे धागे काढून बघितले, परत ठेवले. म्हणाला, ‘मास्टर, नहीं होता ये. किसी से नहीं होगा.’
जयदेवचा हात आता पूर्वीसारखा राहिलेला नाही.

२ फेब्रुवारी
प्रिन्सिपॉलना पत्र लिहायला घेतलं. चूक कुणाची, हे सविस्तर मांडायचं होतं. वॉचमन, मॅडम, पनवेलची एसटी. दुसऱ्या पानावर थांबलो. सगळी नावं लिहून झाली तरी एक उरत होतं.
पत्र टाकलं नाही.

६ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ११
पीसीओवरून पायलच्या हॉस्टेलला फोन केला. काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं. बराच वेळ कुणीतरी जिन्यावरून तिच्या नावाने हाका मारत होतं. मग ती आली. ‘हॅलो’ म्हणाली.
मी म्हटलं, हॉस्टेलला पाणी येतं का वेळेवर?
म्हणाली, येतं.
मी मीटरवरचे आकडे बघत राहिलो. फोन चालूच होता. शेवटी तीच म्हणाली, ‘अजून काही, पप्पा?’
म्हटलं, नाही.
पाणी येतं. बरं आहे.